शंभर मोजायच्या आत

गावात आता कुणी बी उठतंय आन सांगतंय, की रेवणसिद्ध आपला सख्खा भाऊ जळताना बघत उभा राहिला. सांगणाऱ्यातले निम्मे त्या साली जन्मले बी न्हवते. मी उभी हुते तिथं. जळाला त्यो माझा नवरा, उभा राहिला त्यो माझा दीर, आन त्याला धरून ठेवणारी माझी सासू. मंग ही गोष्ट सांगायचा पैला हक्क कुणाचा? तोंडाला येईल त्ये बोलू नगा. बसा, आन सगळं ऐकून घ्या.

सोलापूरच्या वाटंवरच्या जळकोटाजवळच्या ह्या वस्तीवर मी लगीन होऊन आले तवा रेवण धा वर्साचा हुता. माझ्या हातची भाकरी खाऊन वाढला, म्हणून मी त्याला रेवणच म्हणायची, आन त्यो मला वैनी. माझ्या मालकाचं नाव नागप्पा. नाव घ्यायचं न्हाय म्हणतेत, पर आता काय राहिलंय त्याचं. आमी लिंगायत, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी. बाहेर निजामाचं राज, पोलिसातल्या अमिनाची दहशत, आन दोन कोसांवर कुठं जायचं तरी नाक्यावर गठुडी सोडून दाखवायची. बेचाळीस साली ह्या पोरानं काय केलं, तर नाका चुकवून सोलापूर गाठलं आन इंग्रजाच्या पलटणीत नाव घातलं. सासूबाईंनी चार दिवस चूल पेटवू दिली न्हाय. चार वर्सांत दोन पत्रं आली, ती बी दुसऱ्याच्या हातची.

शेहेचाळीस सरता सरता त्यो परत आला. खाकी कपडे, पत्र्याची पेटी, आन अंगानं निम्मा. आसामाकडं दारूगोळ्याच्या कोठारावर पहाऱ्याला हुता. तिथं एकदा आग लागली. वाशीचा बलभीम म्हणून त्याचा जोडीदार मोटारीत अडकला. धा पावलांवर हुता म्हणं. ह्याला दिसत हुता, त्याचं वरडणं ऐकू येत हुतं, पर आत जायचं कसं, माणूस वडायचा कसा, कुणालाच ठाव न्हवतं. त्याच्या फुडं पलटणीत आग विझवणाऱ्यांची टोळी उभी केली तवा पैलं नाव ह्यानं दिलं. दोन वर्सं त्येच काम केलं. लढाई संपली, फौज कमी कराया लागले. सुटणाऱ्या शिपायांना साहेब इचारायचा, घरी जाऊन काय करणार? कुणी विणकाम शिकून घेतलं, कुणी कोंबड्या पाळायचं. रेवणनं सांगितलं, मी बंबावर जाणार.

साहेब भला माणूस. त्यानं चिठ्ठी दिली. सोलापुरात बंबावर माणसं घेणार हुते, चैत्रात इम्तिहान. तवर रेवणला घरी रुखसत दिली. म्हंजे नाव अजून पलटणीतच, पर परत जायचं त्ये नुसते सुटकेचे कागद आणाया. त्ये कागद बी त्यानं माघात जाऊन आणले. आता मधी नुसता इम्तिहान राहिला.

तुमाला वाटंल, एवढं काय अडलं हुतं? शेत हुतं, भाऊ हुता, खाऊन पिऊन सुखी घर. पर त्याचं मला ठाव. नांगराला जुपला की शेतात चार ओळी वडून झाल्या न झाल्या, उभाच. बैल उभे, ह्यो उभा. कुठं धूर दिसला, मंग ती कुणाची चूल का असंना, ह्यो निघाला तिकडं पळत. ज्वारी काढताना एक दिवस माझ्याजवळ बसला आन म्हणला, "वैनी, ती नोकरी लागली न्हाय तर मी येडा हुईन. मला झोपंत बलभीम न्हाय दिसत, जागेपणी दिसतो. आगीत जाऊन एक माणूस जित्ता बाहेर काढला, तर थांबंल म्हणतो." म्या म्हणलं, "लागंल बाबा नोकरी, खाऊन घे." आणिक काय म्हणायचं माणसानं?

मंग त्याची तयारी सुरू झाली. आंब्याला शिडी लावून ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन चढायचा आन उतरायचा. विहिरीच्या कडंनं दोर बांधून खाली जायचा. तोंडाला वला फडका बांधून, डोळे बांधून, कोठीघरात रांगत रांगत शिरायचा आन भितीला हात लावून बाहेर यायचा. गावानं थट्टा केली न्हाय असं हुईल व्हय? "कुणाची चिलीम पेटली तर रेवणला सांगावा धाडा," म्हणायचे. त्यो हसायचा बी न्हाय, चिडायचा बी न्हाय.

सगळ्यात मोठं काम माणूस उचलायचं. इम्तिहानात धुरानं भरलेल्या खोलीत भुसा भरलेला माणूस ठेवतेत, माणसाएवढा, माणसाएवढ्या वजनाचा. आत शिरून त्याला हुडकायचा, खांद्यावर टाकायचा आन बाहेर आणायचा. शंभर मोजायच्या आत. धुरात पडलेला माणूस त्याच्या फुडं टिकत न्हाय म्हणं. मंग माझे मालक रोज सकाळी कोठीघरात मेल्यावानी पडायचे आन रेवण त्यांना खांद्यावर घालून खळ्यापतूर पळायचा. मी जात्यावरून उठून मोजायची. मालक लोंबकळत लोंबकळत म्हणायचे, "अगं इरम्मा, हळू मोज की, पोराला धाप लागलीया." पैल्यांदा एकशे तीस झाले. फाल्गुन लागेस्तवर सत्तरावर आला. त्या दिवशी रेवण हसला. चार वर्सांत पैल्यांदा हसला आसंल.

आन इथंच माझी जीभ आडवी आली. ह्ये म्या आजवर कुणाला सांगितलं न्हाय.

सासूबाईंना, म्हंजे पार्वतम्मांना, बंबावर जाणं म्हंजे काय त्ये कुणी नीट सांगितलंच न्हवतं. रेवणनं सांगितलं हुतं सरकारी नोकरी, डोक्याला पितळी टोप. त्या खूश हुत्या. पर थोरल्या ल्योकाला रोज मढ्यावानी खांद्यावर घालतो ह्ये त्यांना बघवंना. एक दिवस त्या माझ्यावरच घसरल्या. तुझा नवरा रोज मढं हुतो आन तू बाजूला उभं राहून आकडे म्हणती, अवदसे, कपाळाचं कुंकू जड झालं का तुला? माझं बी डोस्कं फिरलं. म्या म्हणलं, "आत्याबाई, मला काय बोलता? तुमचा ल्योक जळत्या घरात शिरून माणसं काढायची नोकरी धरतोय, त्याला इचारा की."

त्या तिथंच खाली बसल्या.

आमच्यात मेलेल्याला जाळत न्हाईत. मांडी घालून मातीत बसवतेत, गळ्यातलं लिंग त्याच्या डाव्या हातावर ठेवून. लहानपणापासून प्रत्येकाला ठाव असतंय की आपण शेवटी असंच बसणार हाव. सासूबाईंना मरणाचं भ्या न्हवतं, पलटणीत गेला तवा बी त्यांनी मनाची तयारी केली हुती. पर ल्योक जळून मरणार आन त्याला मातीत बसवता बी येणार न्हाय, ह्ये त्यांच्या काळजाला लागलं. त्यांनी अन्नपाणी सोडलं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांना उठून बसता येईना. मालक रेवणच्या पाया पडले. धाकट्याच्या पाया पडले.

रेवणनं आंघूळ केली, कपाळाला भस्म लावलं, गळ्यातलं लिंग सोडून तळहातावर घेतलं आन आईम्होरं बसला. "अव्वा, मी आगीत पाय ठेवणार न्हाय," म्हणला. आमच्यात ह्या शपथेच्या फुडं काय नसतंय. सासूबाईंनी माझ्या हातून ताक घेतलं.

मंग त्यानं बाहेर येऊन मला सांगितलं, की बंबावर बाहेर राहून पाणी मारणारी बी माणसं असतेत, मी त्ये काम मागून घेईन. इम्तिहानात नुसता धूर असतोय, आग नसतीया, म्हणून तेवढं चालंल. शपथ मोडत न्हाय. बोलत हुता माझ्याशी, पर समजूत घालत हुता सोताची. मला कळत हुतं आन म्या व्हय व्हय म्हणलं. शिडी तशीच आंब्याला लावलेली राहिली. मालकांना उचलायचं मातर बंद झालं.

फाल्गुनाच्या शेवटाला, भर दुपारी, खळ्यावरची कडब्याची गंज पेटली. कशानं पेटली देव जाणे. रेवणनं महिनाभर आधी सांगितलं हुतं, की अण्णा, ही गंज गोठ्याला चिकटून हाय, हालवूया. मालक म्हणले, फुडच्या साली. वारं गोठ्याकडंच हुतं. आमी धावत पोचेस्तवर गोठ्याचं छप्पर एका अंगानं धरलं हुतं आन आत बैलांची जोडी दावणीला बांधलेली.

रेवण सगळ्यांच्या म्होरं हुता. दारापतूर गेला आन सासूबाईंनी मागनं त्याच्या पायाला मिठी मारली. म्हातारी बाई, पर दोन्ही हातांनी अशी धरली की सुटंना. "हातावर लिंग घेतलंयस तू," एवढंच म्हणत हुत्या. आन त्यो थांबला. लोक म्हणतेत भ्याला. भ्याला न्हवता. त्याच्या तोंडाकडं मी बघत हुते. एकीकडं आग, एकीकडं आई, आन मधी शपथ, असा त्यो उभा हुता.

माझे मालक त्याच्या शेजारनं आत गेले. माझ्याकडं बघितलं बी न्हाय. बैलांकडं चालले हुते, बघायला येळ कुठं.

रेवण बाहेरनं वरडून सांगत हुता. "अण्णा, वाकून चाल. अण्णा, पैलं बैलाचे डोळे बांध. डोळे बांधल्याबिगर सोडू नको." जनावराचं असं असतंय, आग लागली की त्याला आपली दावणच सगळ्यात भरवशाची वाटती. बाहेर काढलं तरी परत आत पळतंय. ह्ये रेवणला ठाव हुतं. गावात दुसऱ्या कुणालाच ठाव न्हवतं. मालकांना ऐकू गेलं का न्हाय कुणास ठाव. त्यांनी एक बैल सोडला, दाव्याला धरून दारापतूर आणला. आमाला त्यांचं मुंडासं दिसलं. आता आले बाहेर, म्हणून मी चार पावलं म्होरं झाले. बैल दारातनं बाहेर आला, उजेडात एक गिरकी घेतली आन आला तसा परत आत घुसला. मालक दारातच हुते. त्यांना घेऊनच आत गेला.

आन मी मोजत हुते. तुमाला वाटंल ही कसली बाई. पर महिनाभर रोज सकाळी मोजलेलं, त्ये आपसूकच सुरू झालं हुतं. मालक आत गेल्यापासनं चालू हुतं. बैल परत घुसला तवा साठ. रेवणनं आईचे हात उपटून काढले तवा एकशे चाळीस.

त्यो आत गेला, वला फडका बी न बांधता. मालकांना खांद्यावर घालून बाहेर आला तवा त्याच्या पाठीवर सदरा पेटला हुता. लोकांनी त्याच्यावर पाणी मारलं. मालकांवर मारायची गरज न्हवती.

संध्याकाळी जंगम स्वामी आले. खड्डा खांदला. पर आगीत गेलेलं अंग ताठ झालं हुतं, मांडी घालता येईना. चौघांनी धरून बघितलं. शेवटी स्वामी म्हणले, आडवंच ठेवा, शिव घेईल समजून. सासूबाई तोंडात पदर घालून बसल्या हुत्या. धाकट्यासाठी ज्या गोष्टीचं भ्या धरलं, ती थोरल्याची झाली. त्यांच्याकडं बघून मला दया आली न्हाय. आज येती कधी कधी.

आमच्यात सुतक पाळत न्हाईत. इम्तिहान अकराव्या दिवशी हुता. रेवण खळ्यावर राखंत बसून राही. पाठीला म्या तिथंच एरंडेल लावायची. आठव्या दिवशी सासूबाई त्याच्याजवळ गेल्या, त्याचा हात आपल्या हातात घेतला. "तुझी शपथ म्या माझ्या डोक्यावर घेतली. जा तू," म्हणल्या. मंग मी गेले. खरं सांगते, माझ्या मनात त्याचं भलं हुतं असं न्हाय. दोन पोरी पदरात, दावणीला बैल न्हाय, घरात कुणीतरी कमवाया पाहिजे ह्ये खरं. पर त्याहून खरं ह्ये, की मला त्याचं तोंड बघवत न्हवतं. म्या म्हणलं, "तू न्हाय गेलास तर त्यांचं मरण फुकट जाईल. ऊठ." त्यो उठला.

शेजारचे महांतप्पा डाळीची गाडी घेऊन सोलापूरला निघाले हुते, त्यांच्या संगं धाडला. फुडचं त्यांनी डोळ्यांनी बघितलं त्ये सांगते. त्ये इम्तिहान सरेस्तवर बंबखान्याच्या कुंपणापाशी उभे हुते.

वीसेक जण आले हुते, निम्मे पलटणीतनं सुटलेले. साहेबांनी कागद बघितले, छाती मापली. शिडीवर रेवण सगळ्यांत म्होरं. पाण्याची नळी घेऊन पळण्यात म्होरं. साहेब दुसऱ्या साहेबाला कायतरी म्हणला आन दोघांनी मान हालवली. महांतप्पा म्हणतेत, आमाला वाटलं झालं, पोरगं लागलं. मंग एकेकाला धुराच्या खोलीत धाडाया लागले. रेवणची पाळी आली. आत गेला. आन साहेबाची मोजणी पन्नासापतूर जाती न जाती तवर भुशाचा माणूस खांद्यावर घेऊन बाहेर. एवढ्या लवकर कुणीच आलं न्हवतं. बाकीच्या गड्यांनी टाळ्या वाजवल्या.

रेवणनं त्या भुशाच्या माणसाला सावलीत निजवलं. डोक्याचा फडका सोडून त्याचं तोंड पुसलं. छातीला कान लावला. लोक हसाया लागले, त्यांना वाटलं गडी गंमत करतोय. साहेबानं दुसऱ्याचं नाव पुकारलं आन शिपायाला सांगितलं, त्ये परत आत नेऊन ठेव. इम्तिहानाची रीतच ती, फुडच्यासाठी परत आत ठेवायचं. शिपाई उचलाया वाकला. रेवण म्हणला, "परत आत न्यायचं न्हाय." शिपायानं पाय धरून वडलं. रेवणनं त्याला असा धक्का मारला की त्यो चार हात लांब पडला. मंग त्यो त्या भुशाच्या माणसावर पालथा पडला, दोन्ही हातांनी धरून. चौघं आले. सुटंना. महांतप्पा कुंपणावरनं उडी मारून आत गेले, त्याच्या कानात कानडीत बोलले, पोटच्या पोरावानी समजूत घातली. घटकाभरानं सोडवला.

साहेब चिडला न्हाय. त्यानं महांतप्पांना बाजूला घेऊन इचारलं, घरात काय झालं म्हणून. ऐकून घेतलं. मंग पलटणीचे कागद नीट घडी घालून परत दिले आन म्हणला, ह्याला घरी न्या, ह्याला ह्या कामावर घेणं म्हंजे ह्याला मारणं हाय. बरोबरच बोलला. त्याला मी कशी दोष दिऊ?

ह्ये सगळं महांतप्पांनी मला अंगणात उभं राहून, आवाज बारीक करून सांगितलं. रेवण गाडीतच बसून हुता. मला वाटलं, आता ह्यो तोंड वर करून बघणार न्हाय. त्याला काय म्हणावं त्याची जुळवाजुळव करत मी गाडीपाशी गेले. त्यानं आपसूकच खाली उडी मारली. तोंडावर काजळी तशीच हुती. आन त्यो हसत हुता.

"वैनी," म्हणला, "काढला म्या अण्णाला. पन्नासाच्या आत काढला."

माझ्या मागं सासूबाई दाराला धरून उभ्या हुत्या. म्या म्हणलं, "बरं केलंस. हात पाय धू, जेवाया वाढते." त्यो तीस वर्सं जगला त्याच्या फुडं, शेळ्या राखल्या, माझ्या पोरींची लग्नं त्यानंच उभं राहून लावली. पर त्या दिवसापासनं दोन्ही येळंला त्यो दोन ताटं मांडायचा, एक त्याचं आन एक अण्णाचं. आन मी दोन्ही ताटांत वाढायची.